परदेशी शिकायला निघालेली मुलं आणि फ्रिजवरचं कार्ड

आजोळ

माझी भाची ऑगस्टमध्ये सांगलीहून अमेरिकेत एमएसला येतेय. मी शिकागोच्या उपनगरात राहते, सतरा वर्षं झाली. दरवर्षी ओळखीपाळखीतली चार-पाच नवी मुलं ओ'हेअर विमानतळावर उतरून आधी आमच्याकडे येतात, दोन दिवस वरणभात खातात, झोप काढतात आणि मग आपापल्या कॉलेजला जातात. बहिणीने परवा फोनवर विचारलं, "तिकडे गोळीबार होतात म्हणे. पोरगी नीट राहील ना गं?" तिला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा ३ लाख ३१ हजारांच्या वर होता, म्हणजे हा घोर लागलेली घरं आपल्याकडे गल्लोगल्ली असणार.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, पहाटेचे तीन. मिरजेहून एका आईचा फोन. तिकडे दुपारचे अडीच वाजलेले. "ताई, परवापासून त्याचा फोन लागत नाहीये हो." मुलगा आमच्याकडे दोन दिवस राहून गेलेला, इथून अडीच तासांवरच्या गावी शिकत होता. माझ्याकडे त्याचा नंबर होता आणि तो बंद लागत होता. पत्ता? आईला एवढंच आठवत होतं की व्हिडिओ कॉलमध्ये खिडकीतून समोर लाल विटांची इमारत दिसायची. रूममेटचं नाव तिने एकदा ऐकलं होतं, नंबर नव्हता.

मी तिथल्या कॅम्पस पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, शेवटचं बोलणं कधी झालं, काही आजार, काही औषधं? यातलं नाव सोडून मला काहीही सांगता येईना. तिकडे आईला फोन, इकडे पोलिसांना फोन, असं करत तासभर गेला. पोलीस घरी गेले, दार वाजवलं. रूममेटने दार उघडलं. पाच महिने एका छताखाली राहूनही त्याला मुलाचं आडनाव माहीत नव्हतं. म्हणाला, "दोन दिवस दिसला नाही, मला वाटलं मित्राकडे असेल."

मुलगा हॉस्पिटलमध्ये होता. लायब्ररीत पोटात कळ येऊन कोसळला, कुणीतरी अँब्युलन्स बोलावली, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फोन बॅगेत, बॅटरी संपलेली. घरचा नंबर गुंगीत पाठ आठवेना. मुलगा आता छान आहे, नोकरीला लागला. पण त्या माउलीचे ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक कार्ड लिहायला बसवते, जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर. पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, खोलीच्या नंबरासकट पूर्ण पत्ता, रूममेटचं नाव-आडनाव आणि फोन, घरमालकाचा फोन, कॅम्पस पोलिसांचा दहा आकडी नंबर, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचा नंबर, इन्शुरन्सचा नंबर, रक्तगट, ॲलर्जी. घर अजून मिळालं नसेल तर त्या ओळी कोऱ्या ठेवायच्या आणि मिळालं की त्याच दिवशी भरून फोटो पाठवायचा. एक प्रत मुलाच्या फ्रिजवर, एक पाकिटात, एक आईवडिलांकडे, एक माझ्याकडे.

दहा आकडी नंबर का, ते सांगते. भारतातून ९११ लावून उपयोग नाही, तो अमेरिकेत बसून लावायचा आपत्कालीन नंबर आहे. पण आधी +१ लावून मुलाच्या गावच्या पोलिसांचा साधा नंबर नाशिकहून, नांदेडहून, कुठूनही लागतो. "वेलफेअर चेक हवा आहे" एवढे शब्द पुरतात, पोलीस घरी जाऊन बघून येतात. हे आईवडिलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्यापैकी जे बाहेर शिकले, शिकताहेत, ज्यांची मुलं गेली आहेत, त्यांनी आपापलं लिहा. भाचीला हा धागा वाचायला देणार आहे.

गोदावरीकर

धाग्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी याच महिन्यात निघते आहे. एक शंका. आम्ही थेट युनिव्हर्सिटीला फोन करून मुलगी वर्गात येते का, बरी आहे का, असं विचारू शकतो का? फी आम्हीच भरतो आहोत.

आजोळ

गोदावरीकर, नाही सांगणार. इथे १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवर त्याचाच हक्क. मार्क, हजेरी, काहीच पालकांना परस्पर कळत नाही, फी कुणीही भरलेली असो. मुलगी स्वतः फॉर्मवर सही करून तुम्हाला परवानगी देऊ शकते. जिवाचा प्रश्न असेल तर कॉलेजला सांगण्याची मुभा आहे, पण ते तिथल्या माणसावर सोडण्यापेक्षा निघण्याआधी घरात बसून बोलून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात सही करायला सांगा. आपत्कालीन संपर्क म्हणून तुमच्याबरोबर अमेरिकेतल्या एखाद्या माणसाचं नावही द्यायला सांगा. रात्री दोनला भारतात फोन लावायला हॉस्पिटलची नर्स बिचकते, स्थानिक नंबर लगेच लावते.

निशिगंध

मी इथेच नर्स आहे, तेव्हा वरच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. त्यात थोडी भर.

आपली मुलं खर्चाच्या भीतीने दुखणं अंगावर काढतात. मी ड्युटीवर असताना एक मुलगा १०४ ताप घेऊन चौथ्या दिवशी आला, का तर मित्राला इमर्जन्सी रूमचं मोठं बिल आलं होतं. मुलांनो, सगळ्या दुखण्यांना इमर्जन्सी रूम लागत नाही. कॉलेजचं स्टुडंट हेल्थ सेंटर असतं, तिथे डॉक्टरला दाखवणं बहुतेक तुमच्या फीमध्येच धरलेलं असतं. ते बंद असेल तर अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ पण तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना. छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव, पोटात असह्य कळ, यांना मात्र सरळ ९११, तेव्हा पैशाचा विचार नको. बिल आल्यावर हॉस्पिटलशी बोलून हप्ते करता येतात, अनेक ठिकाणी सवलतीचा अर्ज असतो. इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून चालू आहे ना, ते पत्रावरची तारीख बघून खात्री करा.

आणि मनाच्या दुखण्याबद्दल. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडायला लागतो. परीक्षा, कर्जाचा हप्ता, घरची आठवण, सगळं एकदम येतं. मुलं फोनवर आईला "मस्त चाललंय" सांगतात आणि खोलीतून बाहेर पडत नाहीत. कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, आणि तिथे गेल्याने व्हिसावर काही परिणाम होत नाही. ९८८ हा नंबर जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर दिवसरात्र केव्हाही फोन किंवा मेसेज करता येतो. कार्डावर तोही लिहा.

चहाबाज

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. ताईंनी विचारलं म्हणून लिहितोय.

आलो त्याला सहा आठवडे झाले होते. दुपारी फोन आला, स्क्रीनवर सरकारी खात्याचं नाव दिसत होतं. समोरच्या माणसाने माझं पूर्ण नाव घेतलं, कॉलेज सांगितलं, विषय सांगितला. म्हणाला, तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांत गुन्हा निघालाय, आज संध्याकाळपर्यंत दंड भरला नाही तर अटक आणि परत पाठवणी. फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर त्यांच्यावरही केस. माझ्या डोळ्यांसमोर बाबांनी काढलेलं कर्ज आलं. मी तीन तास तो फोन कानाला लावून फिरलो. बँकेत गेलो, पैसे काढले, मग त्याने सांगितलं तसा दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं उचलली. पंधराशे डॉलरची.

काउंटरवर साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी कार्डं स्कॅन करायच्या ऐवजी हात त्यांच्यावर ठेवला आणि विचारलं, "बाळा, फोनवर कोण आहे?" मी काही बोललो नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मी तिथेच रडायला लागलो.

माझे पैसे वाचले. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे गेले. तेव्हा नव्या मुलांनो, हे पाठ करून ठेवा. कोणतंही सरकारी खातं, अमेरिकेचं असो की भारताचं, गिफ्ट कार्डात किंवा क्रिप्टोत दंड घेत नाही. टॅक्सवाले सहसा आधी पोस्टाने पत्र पाठवतात. स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा करता येतो, भारतीय वकिलातीचाही करतात. "कुणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की फोन ठेवायचा आणि पहिल्यांदा कुणाला तरी सांगायचं. व्हिसाबद्दल शंका असेल तर कॉलेजचा डीएसओ म्हणजे आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) देणारा अधिकारी, त्याच्याकडे चालत जायचं.

म्युनिककर

चहाबाज, लिहिलंत ते फार बरं केलंत. याचाच आणखी भयंकर प्रकार डिसेंबर २०२३ मध्ये युटा राज्यात झाला. सतरा वर्षांच्या एका चिनी विद्यार्थ्याला फोनवरून धमकावून डोंगरात एकट्याने तंबू ठोकून राहायला लावलं, आणि तिकडे चीनमध्ये आईवडिलांना सांगितलं की मुलाचं अपहरण झालंय. त्यांनी ८० हजार डॉलरच्या आसपास भरले. पोलिसांना मुलगा गोठवणाऱ्या थंडीत जिवंत सापडला. भारतात आता "डिजिटल अरेस्ट" म्हणतात ते याच जातीचं. म्हणून आईवडिलांनाही सांगून ठेवा. अपहरणाचा फोन आला तर पैसे भरण्याआधी ताईंच्या कार्डावरचे नंबर फिरवायचे. आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवला आहे, आजीच्या गावच्या ओढ्याचं नाव. खरंच संकट असेल तर तो शब्द आला पाहिजे.

जर्मनीला येणाऱ्यांसाठी: पोलीस ११०, आग आणि अँब्युलन्स ११२. घर न बघता, परस्पर अनामत मागणाऱ्या जाहिराती इथे खूप. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असं मालक म्हणाला की विषय संपवा.

जाईजुई

घराची फसवणूक अमेरिकेतही तशीच आहे. सीनियर मुलांपैकी कुणालातरी प्रत्यक्ष पाठवून खोली बघायला लावा, व्हिडिओवर लाइव्ह दाखवायला सांगा, आणि मालकाने पाठवलेला रेकॉर्ड केलेला व्हिडिओ धरू नका.

मला मुलींसाठी थोडं वेगळं लिहायचं आहे. बाहेरच्या अनोळखी माणसाची भीती सगळे घालतात. मला त्रास दिला तो ओळखीतल्याने. आपल्याच भाषेतला, आपल्याच ग्रुपमधला सीनियर. आल्याआल्या एअरपोर्टवरून आणलं, गादी मिळवून दिली, आणि मग रोज रात्री दारात. मी दोन महिने गप्प बसले, कारण सगळा मित्रपरिवार त्याचाच होता आणि आपल्या लोकांत चर्चा नको, असं वाटत होतं.

शेवटी मी कॉलेजच्या टायटल नाइन ऑफिसमध्ये गेले. शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या १९७२ च्या कायद्याखाली बहुतेक कॉलेजांत असं ऑफिस असतं, लैंगिक त्रासाच्या तक्रारी तिथे घेतात. तिथल्या बाईंनी आधी सांगितलं की इथे आलीस म्हणून पोलिसात जावंच लागेल असं नाही, तू ठरवायचंस. त्याला माझ्याशी संपर्क न करण्याचा लेखी आदेश गेला, माझा लॅबचा वेळ बदलला. तक्रार केल्याने माझ्या व्हिसाला काहीही झालं नाही. तुमची तक्रार हा गुन्हा नाही, हे स्वतःला मोठ्याने सांगा.

आपल्या लोकांची मदत जरूर घ्या, मीही घेतली. पण पहिल्या महिन्यात त्या ग्रुपच्या बाहेरची दोन माणसं तरी जोडा.

घाटरस्ता

गाडी चालवणाऱ्यांसाठी. पोलिसांचे लाल-निळे दिवे मागे लागले की आपली सवय काय? गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं आणि साहेबांकडे चालत जायचं. इथे तसं अजिबात करू नका. उजव्या कडेला थांबा, इंजिन बंद, आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लायसन्स मागितल्यावर "उजव्या खिशात आहे, काढतो" असं आधी सांगून मगच हात हलवा. इथे कुणाकडेही बंदूक असू शकते हे पोलिसाने धरलेलंच असतं. दंड पटला नाही तरी रस्त्यावर वाद घालू नका, कोर्टाची तारीख मिळते.

चालताना सुद्धा: गाड्या इकडे उजवीकडून जातात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उलटी वळते.

आणि शिकागोला येणाऱ्यांनी साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, फिरकूच नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

चहाबाज

दादा, बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोच साउथ साइडला, हाइड पार्कमध्ये आहे. मी तिथून दहा मिनिटांवर राहिलोय. शेजारचे कृष्णवर्णीय आजोबा मला बर्फ ओढायचं फावडं द्यायचे आणि मी उशिरा आलो तर पोर्चचा दिवा चालू ठेवायचे. अर्धं शहर वाईट म्हटलं की मुलं रंगावरून माणसं टाळायला शिकतात आणि उरलेल्या अर्ध्यात बेफिकीर होतात. कोणता चौक, किती वाजता, एकटे की दोघं, कानात इअरफोन आहेत का, हे बघायला हवं. माझ्या मित्राचा फोन हिसकावला तो उत्तरेकडच्या "चांगल्या" भागात, ट्रेनच्या दाराशी, दार बंद होता होता.

आजोळ

चहाबाजशी सहमत. घाटरस्ता, तुमची काळजी समजते, पण मोघम भीतीपेक्षा पक्की माहिती मिळते तर ती वापरू. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय युनिव्हर्सिटीत जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्या हॉस्टेलच्या खोलीत खून झाला. कॅम्पसवर आधी किती गुन्हे झाले होते ते तिच्या आईवडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो लढा लावून धरला आणि १९९० मध्ये कायदा झाला, आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. त्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि कॅम्पस पोलिसांची रोजची गुन्ह्यांची नोंदवही कुणालाही बघता येते. भाचीच्या कॉलेजची मी परवा वाचली. सर्वाधिक नोंदी सायकली आणि लॅपटॉपच्या चोऱ्यांच्या. तिला म्हटलं, चांगलं कुलूप घे आणि लायब्ररीत लॅपटॉप टेबलावर सोडून कॉफीला जाऊ नकोस.

रात्री लॅबमधून निघताना सोबत येणारी किंवा सोडणारी कॉलेजची सेवा बहुतेक ठिकाणी फुकट असते. मुलं संकोचाने वापरत नाहीत. ती तुमच्यासाठीच ठेवलेली आहे, रोज वापरा.

गोदावरीकर

मुलीला एका ओळखीच्यांनी पेट्रोल पंपावरच्या दुकानात रात्रीचं काम देतो म्हटलंय, रोख पैसे. खर्चाला हातभार म्हणून आम्हालाही बरं वाटलं होतं.

आजोळ

गोदावरीकर, कृपा करून नको. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. बाहेर रोखीचं काम म्हणजे सापडल्यास शिक्षण तिथेच थांबतं. आणि दरोडा पडतो तो अशाच दुकानांवर, रात्री, काउंटरवर एकटं माणूस असताना. काही झालं तर कामच बेकायदा म्हणून मूल पोलिसांकडे जायला घाबरतं, आणि हे मालकाला चांगलं ठाऊक असतं. कॅम्पसवरच्या डायनिंग हॉलमध्ये पैसे कमी मिळतील, पण जेवण आणि चार ओळखी मिळतील.

निशिगंध

थोडं अवांतर, पण लिहायलाच हवं: पाणी. उन्हाळा आला की ग्रुपने तळ्यावर जायचं ठरतं. एप्रिल २०२३ मध्ये इंडियानातल्या लेक मन्रोमध्ये दोन भारतीय विद्यार्थी बुडाले. मे महिन्यात वर ऊन असतं, पण लेक मिशिगनचं पाणी तेव्हाही इतकं गार असतं की अंग आखडतं, दम लागतो, पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो. विहिरीत, नदीत पोहायला शिकलेल्यांना याचा अंदाज नसतो. लाइफगार्ड असेल तिथेच, लाल झेंडा असेल तर काठावरच. बोटीत लाइफ जॅकेट घालाच, फोटोपुरतं काढूही नका.

थंडीचंही तसंच. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे ३० सेल्सियसच्या आसपास पारा गेला होता. अशा रात्री दारू पिऊन एकट्याने चालत घरी निघालेल्या माणसाला आपण गारठतोय हेच कळत नाही. पार्टीतून जितके गेलात तितके परत या.

आजोळ

स्वयंपाकाचं राहिलं. आपल्या फोडणीने स्मोक अलार्म वाजतो, मग मुलं त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात किंवा बॅटरी काढून ठेवतात. आमच्या ओळखीच्या एका घरात तशी पिशवी बांधलेली असताना रात्री गॅसवर तेलाची कढई राहिली. शेजाऱ्याला धूर दिसला म्हणून चौघं वाचले. पिशवी बांधू नका. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, तेल कडकडीत व्हायच्या आत मोहरी टाका, जिरं नंतर. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही नाही, झाकण ठेवा आणि गॅस बंद. खोली गरम करायला ओव्हन उघडा ठेवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि +९१ लावताना बोट चुकून ९११ लागलाच तर फोन कापू नका. "चुकून लागला, मी ठीक आहे" सांगा, नाहीतर पोलीस दारात येतात.

गोदावरीकर

कामाला नाही म्हणून कळवलं. मुलीने काल रात्री कार्ड लिहिलं. रूममेटचं आडनाव विचारायला तिने मेसेज केला तर ती मुलगी, विजयवाड्याची आहे, म्हणाली, मलाही तुमचा घरचा नंबर द्या. आता तिच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे आहे, माझा त्यांच्याकडे. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू नाही, हिंदीत अर्धा तास बोललो. कार्डाची एक प्रत कालनिर्णयच्या मागे लावली आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तिची नोंदणीही केली. खुणेचा शब्द तिच्या आईने ठरवला, इथे लिहीत नाही.

२२ तारखेची फ्लाइट आहे, ओ'हेअरलाच उतरते.

आजोळ

किती वाजता ते कळवा. टर्मिनल पाचच्या बाहेर मी उभी राहीन, हिरवा स्वेटर असेल. तिला सांगा, बॅग येईपर्यंत विमानतळाच्या वायफायवरून मला एक ओळ टाक. वरणभात तयार असेल.